गवत दुधात असताना

करीमचाचा कुठंही गेले की आधी जमिनीवर ओंजळभर पाणी ओतायचे. कुठंही म्हणजे खरंच कुठंही! चहाच्या दुकानासमोर, कचेरीच्या अंगणात, आणि एकदा माझ्याबरोबर आमच्या पंचवटीतल्या घरी आले तेव्हा थेट ओट्यावर. पाणी ओतायचं, गुडघ्यांवर हात टेकून वाकायचं आणि ते कुठल्या दिशेला निघालंय ते बघत राहायचं. आई आतून ओरडली, "कोण रे पाणी सांडतंय?" चाचा शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचा ओटा बाहेर नाय उतरत, उंबऱ्याकडं उतरतो. पावसात घरात पानी येत असंल." येतच होतं! आई दर पावसाळ्यात उंबऱ्याला गोणपाट लावायची आणि बाबा दर पावसाळ्यात कौलांना दोष द्यायचे. त्या दिवसापासून आई चाचांना परका माणूस मानेनाशी झाली.

चाचा पखालवाले. रेड्याच्या पाठीवर कातड्याची मोठी पखाल, दोन्ही अंगांना लोंबणारी, पाण्यानं टम्म फुगलेली. चाळीस वर्षं त्यांनी नाशकात टांग्यांच्या अड्ड्यावर, बांधकामांवर आणि धुळीच्या रस्त्यांवर गोदावरीचं पाणी पोचवलं. मग शहरात जिकडंतिकडं नळ आले, पखालीला गिऱ्हाईक उरलं नाही आणि चाचा आपल्या गावी, टेकवाडीला परत आले. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. घरात ते आणि रेडा. रेड्याचं नाव सुलतान! काळाकभिन्न, एक शिंग वाकडं आणि चाल अशी की जणू रस्ता त्याच्याच मालकीचा.

टेकवाडी त्र्यंबकच्या रस्त्याला, नाशिकपासून सायकलवर दीड तास. मी तिथं गेलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. शेतकी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, खिशात फाउंटन पेन, सायकलला टाइपरायटर बांधलेला, आणि डोक्यात अशी हवा की दोन वर्षांत सगळा जिल्हा हिरवा करून टाकतो! शेतकी खात्यात नोकरी लागली होती आणि काम होतं गवताच्या प्रयोगाचं. गावाचं गायरान एका उतारावर. जनावरं तिथं वर्षभर मोकाट चरायची, गवत मुळापर्यंत खाऊन टाकायची, आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती दर पावसात ओढ्याला जाऊन मिळायची. आम्ही करणार होतो ते असं: निम्मं गायरान चराईला बंद, उतारावर आडवे छोटे बांध, त्यांच्या मागं मारवेल गवताचे ठोंब. मारवेल म्हणजे जनावराचं आवडतं गवत, पेऱ्यावर बारीक केसांचं कडं असतं. ते वाढवायचं, जनावर आत न सोडता कापायचं आणि गोठ्यात नेऊन घालायचं. माती जागेवर राहते का, चारा वाढतो का, ते बघायचं.

बांध अगदी एका पातळीत हवेत, नाहीतर पाणी एका टोकाला धावून बांध फोडतं. त्यासाठी मी दुर्बीण लावून दिवसभर खुंट्या ठोकल्या. संध्याकाळी मागून आवाज आला, "छोटे साहेब, ही खुंटी चुकली."

वळून बघतो तर चाचा आणि सुलतान, ही आमची पहिलीच भेट. रोपांना पाणी घालायला खात्यानं त्यांना रोजंदारीवर घेतलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

"दुर्बिणीतून बघितलंय मी," मी म्हटलं.

"दुर्बिणीनं तुमाला बघितलं का?" असं म्हणून चाचांनी पखालीचं तोंड जरासं सैल केलं. पाणी माझ्या खुंट्यांच्या ओळीनं निघालं, चौथ्या खुंटीपाशी थबकलं आणि सरळ खाली उताराला लागलं. मी दुर्बीण पुन्हा तपासली. दुर्बिणीच्या तिपाईचा एक पाय भुसभुशीत मातीत रुतला होता! ओळ वीतभर तिरकी गेली होती. मी लाजेनं लाल. चाचा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "यंत्र चांगलं हाय. पाय तेवढा घट्ट ठिवा."

त्या आठवड्यात चावडीवर बैठक झाली. गायरान बंद करायला कुणीच तयार नव्हतं आणि त्यांचं काय चुकलं? सखाराम पाटील म्हणाले, "सायेब, तुमी कागुद लिवून निघून जाल. आमच्या जनावरांनी काय तुमचा कागुद खायचा?" गंगूबाई नावाची एक म्हातारी होती, एक गाय आणि लांब जीभ एवढीच तिची इस्टेट. ती म्हणाली, "आन् जाईल तरी कागुद लिवूनच जाईल. ह्याच्या बोटांना दुसरं काय येतं?" सगळे हसले. मी इंग्रजी आकडे मराठीत सांगत होतो आणि कुणीही ऐकत नव्हतं.

तेव्हा चाचा उठले. "दोन पावसाळे द्या. मी पानी बघितलं हाय. ह्या पोराचे बांध आता सरळ हायेत, पानी थांबंल. पानी थांबलं तर गवत येईल. दोन पावसाळ्यांत तुमच्या जनावरांना पोटभर गवत नाय मिळालं, तर माझा सुलतान गावाच्या दावणीला."

सुलतान म्हणजे चाचांचं सगळं काही होतं हो! पाटलांनी एकदाच विचारलं, "चाचा, शबूद?" चाचा म्हणाले, "शब्द." आणि गायरान बंद झालं. माझ्या पदवीवर नाही, एका रेड्यावर.

पहिला पावसाळा आम्ही गवत कापलंच नाही, बी पडू दिलं. चाचा रोज उताराच्या कडेनं राखण करायचे आणि सुलतानला तिथून नेताना त्याच्या तोंडाला मुस्की बांधायचे. मी म्हटलं, "चाचा, एक घास खाल्ला तर काय बिघडतं?" तर म्हणाले, "एक घास त्यानं खाल्ला तर गंगूच्या गाईला मी कोनच्या तोंडानं हाकलू?" आणि गंगूबाईची गाय घुसलीच एकदा. चाचांनी तिला गोंजारत बाहेर काढलं, घरी पोचवलं, आणि तासाभरानं ओढ्याकाठच्या हिरव्या गवताचा भारा स्वतः कापून तिच्या दारात टाकला. गंगूबाई म्हणाली, "करीमभाऊ, हाकलायचं तर नीट हाकलावं मानसानं. असं काय?" पण नंतर तिची गाय पुन्हा आली नाही.

मी तोवर चाचांचा पक्का भक्त झालो होतो. पण फक्त पाण्यापुरता! हे आता सांगताना कानकोंडं व्हायला होतं. पाण्यातलं त्यांना कळतं, पण गवत हा माझा विषय, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. चाळीस वर्षं हा माणूस आपल्या रेड्यांसाठी रोज गवत कापत आला होता, हे मला दिसत होतं आणि कळत नव्हतं.

दुसऱ्या पावसाळ्यात गवत असं उठलं की काय सांगू! भादवा संपता संपता कंबरेएवढं. मारवेल होतं, पवना होतं, शेडा होतं, मधेमधे टोचऱ्या टोकांची कुसळीही होती. वारा आला की सगळा उतार एका बाजूला कलायचा आणि पुन्हा उभा राहायचा. मी दिवसातून तीनदा उगाचच बघायला जायचो. एका सकाळी चाचांनी एक तुरा तोडला, त्यातला दाणा दोन नखांत दाबला आणि माझ्यासमोर धरला. नखावर पांढरा थेंब.

"दूध आलं. कापा आता."

"आत्ता? अजून वाढेल की!"

"उंची वाढंल. पन आता गवताच्या अंगात सगळं हाय. आठ-दहा दिवसांत हे दूध दान्यात जाईल, दाना गळून पडंल आन् मागं काड्या राहतील. काड्या काय, माझ्या छपराला पन हायेत."

पण मोठे साहेब दसऱ्याआधी पाहणीला येणार होते. फोटो निघणार होता, गवतात माणूस उभा करून! कापलेल्या उताराचा फोटो कोण काढणार? मी म्हटलं, चार दिवस थांबू. मग पत्र आलं, साहेब दसऱ्यानंतर येतील. चाचा पुन्हा आले, "छोटे साहेब, अजून बी निम्मं हातात हाय." मी म्हटलं थांबा. मग पत्र आलं, दिवाळीनंतर. चाचा तिसऱ्यांदा आले. मी टाइप करत होतो, मान वर न करता म्हणालो, "चाचा, तुम्ही पाण्याचं बघा. गवताचं मी बघतो."

ते दारातूनच मागं फिरले. मग माझ्या कचेरीच्या टपरीबाहेर सुलतानच्या घुंगरांचा आवाज लांब जात राहिला.

साहेब दिवाळीनंतर आले. मोटारीतून उतरले, फोटो काढला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि पाव तासात गेले. गवत माझ्या छातीला लागत होतं आणि सोन्यासारखं पिवळं दिसत होतं. मी हवेत! दुसऱ्या दिवशी कापणी झाली, दारोदार भारे गेले. तिसऱ्या दिवशी पाटलांनी मला आणि चाचांना वाड्यापुढं बोलावलं. सगळं गाव जमलं होतं. पाटलांनी आपल्या गाईपुढं भारा सोडला. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुसरीनं दोन काड्या ओढल्या, चावल्या आणि टाकून दिल्या. एका शेळीच्या ओठात कुसळीची टोकं अडकली होती, ती मान झटकत होती. गंगूबाईनं तिच्या तोंडातून एकेक कुसळ उपटून काढलं.

"चाचा," पाटील खाली बघत म्हणाले, "गवत तर लय आलं. पन पोट नाय भरलं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. चाचांनी तीनदा सांगितलं होतं, मी तीनदा थांबवलं होतं, एवढंच तर बोलायचं होतं. पण पाठीवरची थाप ताजी होती. गाव चिडेल, प्रयोग बंद पडेल, साहेबांना कळेल... मी चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिलो. चाचांनी माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. मला वाचवण्यासाठीच पाहिलं नसावं. ते गेले, सुलतानला घेऊन आले आणि कासरा पाटलांच्या हातात दिला. "कपाळ खाजवलेलं त्याला आवडतं," एवढंच म्हणाले.

चार दिवस मी गप्प होतो. चार दिवस! पाचव्या दिवशी ओढ्याकडून चाचा येताना दिसले. पाठीवर वडलांची जुनी मशक, म्हणजे माणसानं उचलायची लहान पखाल. कमरेत वाकलेले, साठीचं अंग, पायाखाली दगडगोटे. उताराच्या पायथ्याला ठोंबांचे वाफे होते, त्यांना पाणी घालायला निघाले होते. रेडा नव्हता म्हणून काम थांबवायचं असतं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

मी धावत गेलो. "चाचा, चूक माझी होती."

ते मशक न उतरवताच म्हणाले, "मला सांगून काय फायदा, बेटा? मला तर ठाऊकच हाय."

त्याच संध्याकाळी मी चावडीवर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. दूध, तीन वेळा, फोटो, सगळं. मग गंगूबाईच म्हणाली, "अरे मंग रेडा कशाला बांधला? ह्या सायबाला बांधायचं दावनीला! खातो बी कमी!" आणि लोक असे हसले की मलाही हसू आलं, डोळे भरलेले असताना. पाटील उठले, "चाचा, सोडून न्या तुमचं जनावर."

"नाय," चाचा म्हणाले. "मी बोललो होतो, पोटभर गवत देईन. दिलं नाय. कुनाच्या चुकीनं दिलं नाय, असं मी कुठं बोललो होतो?"

पाटलांनी खूप समजावलं. चाचा ऐकेनात. शेवटी ठरलं असं: आणखी एक पावसाळा. तोवर सुलतान पाटलांच्या गोठ्यात. आणि गवत कधी कापायचं, तो दिवस चाचा ठरवतील. साहेबाचा साहेब आला तरी.

तो उन्हाळा मी कधी विसरणार नाही. चाचा मशकीनं पाणी वाहायचे आणि मी दोन घागरी घेऊन त्यांच्या मागं. पहिल्या दिवशी माझं निम्मं पाणी वाटेतच सांडलं. "जमिनीला बी तहान लागते, तिला बी द्या," चाचा म्हणायचे, म्हणजे मला वाईट वाटू नये. रोज संध्याकाळी ते पाटलांच्या गोठ्यात जाऊन सुलतानचं कपाळ खाजवायचे. कधी मी बरोबर असलो तर बाहेरच थांबायचो. आत चाचा त्याच्याशी काहीतरी बोलत असायचे, फार हळू. वैशाखात त्यांना खोकला लागला. मी शहरात डॉक्टरकडं चला म्हटलं की म्हणायचे, "गवत होऊ दे."

गवत झालं. भादव्यात चाचांना चढ चढवेना. ते पायथ्याशी दगडावर बसायचे आणि मी रोज वेगवेगळ्या जागचे तुरे तोडून त्यांच्या ओंजळीत द्यायचो. ते दाबायचे, बघायचे, "अजून नाय" म्हणायचे. एक दिवस टपालानं पत्र आलं. साहेब येत्या शनिवारी येत आहेत, तोवर कापणी करू नये. आणि त्याच सकाळी चाचांच्या नखावर पांढरा थेंब आला.

"कागदात काय लिवलंय?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं असणार.

मी वाचून दाखवलं.

"मंग तुमी ठरवा. तुमची नोकरी हाय."

"ठरवायचं तुम्ही, चाचा. तसं ठरलंय."

त्यांनी तो तुरा माझ्या हातात ठेवला. मग म्हणाले, "मंग आज."

मी गावात पळत सुटलो! अर्ध्या तासात बायामाणसं विळे घेऊन उतारावर. मीही विळा घेतला, बोट कापून घेतलं, गंगूबाईनं त्यावर चुना लावला आणि वर चार शिव्या दिल्या. दुपार कलायच्या आत हिरवेगार भारे खाली आले. त्यांचा वास असा गोड की माणसालाच भूक लागावी. पाटलांनी गाईपुढं भारा सोडला. तिनं हुंगलं नाही, काही नाही, सरळ तोंड घातलं.

पाटील सुलतानला घेऊन आले आणि कासरा चाचांपुढं धरला. चाचांनी तो घेतला नाही. "आधी खाऊ दे," म्हणाले. पहिल्यांदाच सुलतानपुढं गायरानाचं गवत पडलं, मुस्कीशिवाय. चाचा डोळे मिटून ऐकत होते. करकर, करकर, एका लयीत. बराच वेळ. मग त्यांनी हात पुढं केला आणि कासरा धरला.

शनिवारी साहेबांनी मोकळ्या उताराचा फोटो काढला नाही. मला लेखी जाब विचारला गेला, तो मी दिला. चाचा त्याच हिवाळ्यात गेले, खोकल्यानंच. सुलतान आता पाटलांच्या गोठ्यात असतो. गावानं त्याच्यावर ओझं घालायचं नाही असं ठरवलंय.

प्रयोगाचा अहवाल मी टाइप करून पाठवला होता. त्यात एक रकाना असतो, कापणीची तारीख कुणी ठरवली. तिथं मी लिहिलं, करीम पखाली. नऊ महिन्यांनी, म्हणजे गेल्या आठवड्यात, वरच्या कचेरीतून त्यावर विचारणा आली: सदर इसम कोण, त्यांचा हुद्दा काय, आठ दिवसांत कळवावे.

काल सकाळी मी उत्तर लिहायला बसलो होतो. यंत्रात कागद घातला, नाव टाइप केलं, आणि हुद्द्यापाशी बोटं अडली. माझी बोटं! तेवढ्यात दारात गलका झाला. गंगूबाई पुढं, मागं गावातल्या आठ-दहा बायका, सगळ्यांच्या हातात विळे. गंगूबाईनं नख माझ्या नाकापुढं धरलं. पांढरा थेंब.

"आज," ती म्हणाली. "उठा."

मी कागद तसाच यंत्रात सोडला आणि विळा घेतला.